उसळीचा आकडा

रविवारी सकाळी नऊ वाजता अंदाज कक्षात एवढ्या गोष्टी होत्या: चालू पडदे पाच, बंद पडदा एक, टेलिफोन दोन, खुर्च्या चार. त्यांपैकी न डुगडुगणारी एक, ती साहेबांची. भिंतीवर नवाकोरा एसी एक, तीन आठवड्यांपूर्वी बसवलेला. त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून कुणी काढलं नव्हतं. खिडक्या दोन, एसीमुळे दोन्ही बंद. खिडकीतून दिसणारी डोंगररांग एक, तिची शिखरं अकरा आणि त्यांच्यावर ढग शून्य.

माणसं दोन. एक साहेब, या हवामान केंद्राचे प्रमुख, निवृत्तीला आलेले. दुसरी अंदाजकार, नोकरीला दोन वर्षं झालेली. तिच्या पदवीची शाई अजून वाळायची आहे, असं साहेब म्हणत. घरी तिला सगळे ढगूबाई म्हणत. हे नाव तिच्या थोरल्या भावाने ठेवलं होतं आणि ते तिला असं चिकटलं होतं की आपणही तेच वापरलेलं बरं.

ढगूबाई पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होती आणि आकडा तिला पटत नव्हता.

रोज सकाळी आठ वाजता केंद्राच्या आवारातून एक फुगा सुटायचा. त्याच्याखाली मुठीएवढी डबी लोंबत असायची. वर जाता जाता ती हवेचं तापमान आणि ओल खाली कळवायची. त्यावरून एक हिशेब निघायचा: उन्हाने तापलेली खालची हवा डोंगरउतारावरून वर चढली, तर पुढे ती किती जोरात उसळेल? पुस्तकात या आकड्याला लांबलचक नाव आहे. कक्षात सगळे त्याला नुसतं उसळी म्हणत. तीनशे-चारशे उसळी असली की दुपारी कापसाचे चार पुंजके येतात आणि जातात. हजाराच्या वर गेली की डोंगरावर विजा. दोन हजार म्हणजे गारा, आणि त्या वेळी उघड्या कड्यावर कुणी असलं तर त्याचं काही खरं नाही.

आजची उसळी होती सहाशे चाळीस.

"झालं," साहेब म्हणाले. "आज इशारा नाही. तुमचे बंधुराज खूश होतील."

बंधुराज, म्हणजे ढगूबाईचा दादा, शाळेत खेळाचा शिक्षक होता आणि दरवर्षी उन्हाळ्यात डोंगरधाव भरवायचा. पायथ्यापासून खिंडीपर्यंत चढ, खिंडीतून उघड्या कड्यावरून शेवटच्या शिखरापर्यंत आणि त्याच वाटेने परत. कड्यावर झाड नाही, आडोसा नाही. माणूस हाच सगळ्यांत उंच. गेल्या वर्षी ढगूबाईने इशारा दिला, केंद्राने तो पाठवला, दादाने शर्यत रद्द केली आणि दिवसभर असं लख्ख ऊन पडलं की लोकांनी घरोघरी गाद्या वाळत घातल्या. दादाने त्यानंतर तीन आठवडे तिच्याशी फक्त हवापाण्याच्या गप्पा मारल्या. "आज काय, ऊन की सावली? नाही, तुला विचारत नाही, खिडकीला विचारतोय."

आज त्याच शर्यतीत तीनशेवर लोक धावणार होते. अर्ध्या तासात सुटणार होते.

"साहेब, ओलाव्याची ही रेघ बघा," ती म्हणाली. "जमिनीवर, आवारातल्या लाकडी पेटीत, ओल भरपूर आहे. आणि लगेच वर, शंभर मीटरवर, एकदम कोरडं. पायरीवरून पाय घसरावा तशी रेघ डावीकडे घसरलीय."

"ओल जमिनीलगत आहे, पातळ आहे. दहा वाजेपर्यंत उडून जाईल. तीन आठवडे हेच चाललंय."

"तेच म्हणते मी. तीन आठवडे रोज तशीच पायरी?"

"मॅडम, हवेने रोज तुमच्या करमणुकीसाठी नवीन काहीतरी करावं असा नियम नाही."

नियम होता तो वेगळाच. या मोसमाच्या सुरुवातीला केंद्राने अकरा इशारे दिले आणि त्यांतले सात फुकट गेले. रोपवे बंद राहिला, शाळा लवकर सुटल्या, पोहण्याचा तलाव रिकामा केला गेला आणि वर आभाळ निळंशार. साहेबांना वरून फोन आला. तो फोन साहेबांनी उभ्याने घेतला आणि ठेवल्यावरही थोडा वेळ उभेच राहिले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. साहेबांनी ताकाचं भांडंच बाजूला सारलं. त्या दिवसापासून नियम: सकाळच्या फुग्याची उसळी हजाराच्या खाली असेल, तर डोंगरासाठी इशारा द्यायचा नाही. पडदे काहीही म्हणोत, कुणाच्या पोटात काहीही होवो.

नियमाचा गुण असा की तो लागू झाल्यापासून एकही इशारा फुकट गेला नव्हता. इशाराच दिला नव्हता, तर फुकट काय जाणार? वादळ झालं की नाही हे मैदानातल्या चार पर्जन्यमापकांवरून ठरायचं. डोंगरावर एकही नव्हता. रडार होतं, पण त्याच्यासमोर अकरांपैकी सगळ्यांत जाडं शिखर असं उभं होतं, जसा सिनेमात नेमका आपल्या पुढच्या खुर्चीवर उंच माणूस येऊन बसतो. कड्यावर काय चाललंय ते त्याला डोकं वाकडं करूनसुद्धा दिसायचं नाही.

ढगूबाई उठली. बसून राहिली असती तर काहीतरी बोलून बसली असती.

आवाराच्या टोकाला फुग्याची शेड होती आणि शेडजवळच्या खोलीत फुगेवाले काका. हे गेली वीस वर्षं रोज एक फुगा आभाळात सोडत आले होते आणि त्यांचा स्वतःचा नातू फुगा मागायचा तेव्हा "आज सुट्टी आहे" म्हणायचे. आत्ता ते टेबलाशी उद्याच्या डब्या पुसत बसले होते. खोलीत शिरल्याबरोबर ढगूबाईच्या दंडावर काटा आला. इथेही एसी.

"या ताई, बसा! जन्मात पहिल्यांदा घाम न पुसता काम करतोय."

"काका, इथे कधी बसवला?"

"तुमच्याच बरोबर. एकावर एक फुकट. साहेब म्हणाले, डब्या आता आतच तयार करत जा, बाहेर धूळ असते."

"आणि आधी?"

"आधी शेडमध्ये. डबी चालू करायची, खुंटीला टांगायची, चहा प्यायचा, मग सोडायची. आता इथे चालू करतो, बाहेर नेतो आणि लगेच सोडतो. चहाही इथेच. गार होतो लवकर, तेवढंच एक."

ढगूबाईने टेबलावरची एक डबी हातात घेतली. माठातल्या पाण्यासारखी थंडगार. ती घेऊन ती दाराबाहेर उन्हात गेली. बघता बघता डबीच्या पांढऱ्या प्लॅस्टिकवर धुकं आलं, मग बारीक थेंब जमले. डबीला घाम फुटला होता.

ती तिथेच उभी राहिली. आपण विज्ञान शिकलो, परीक्षेत या विषयात पहिल्या आलो आणि तीन आठवडे त्या रेघेकडे बघून फक्त कपाळाला हात लावत बसलो, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. डबी खोलीतला गारवा आणि कोरडेपणा अंगात घेऊन वर जात होती. पहिली काही मिनिटं ती आभाळाची हवा कळवतच नव्हती. एसीची कळवत होती. आणि नेमकी तीच, खालची पाचशे मीटर हवा, उसळीचं सगळं पोट. म्हणजे तीन आठवडे केंद्र रोज सकाळी या खोलीचं हवामान आभाळाचं म्हणून वाचत होतं.

"काका, दुसरा फुगा आहे?"

"आहे की. पण दुसरा सोडायला वरून परवानगी लागते."

"वरून म्हणजे कुठून?"

काकांनी आभाळाकडे बघितलं, मग साहेबांच्या खिडकीकडे. "ताई, माझी नोकरी दोन वर्षं उरलीय."

"माझी अठ्ठावीस. माझं जास्त नुकसान आहे."

काका हसले. "हे बरं आहे. आमच्या वेळी अंदाजकार फुग्याला हातसुद्धा लावत नव्हते, हात काळे होतील म्हणून."

डबी त्यांनी शेडमधल्या खुंटीला टांगली. ढगूबाई तिच्यासमोर उभी राहून दर मिनिटाला आकडे बघत होती. ओल हळूहळू वर येत होती, तापमानही. बाहेरच्या लाकडी पेटीतल्या तापमापकाशी डबीचं जमायला जवळजवळ पाव तास लागला. मग काकांनी फुगा भरला आणि सोडला. तो तिरपा होत डोंगराकडे निघाला. सगळं आभाळ तिला नको होतं. खालचा एक किलोमीटर पुरे होता. वरचा भाग सकाळच्या फुग्याचा चालला असता. ती धावत कक्षात आली. पायरी गेली होती. रेघ सरळ वर चढत होती, जाडजूड, ओली. तिने दोन्ही तुकडे जोडले.

उसळी: दोन हजार एकशे दहा.

साहेब तोपर्यंत रागावून झाले होते, कारण फुगा त्यांना खिडकीतून दिसला होता.

"कुणाला विचारून?"

"साहेब, आधी आकडा बघा. मग हवं तर माझा पगार कापा."

त्यांनी बघितला. चष्मा काढला, पुसला, परत बघितला. ते मूर्ख नव्हते. हीच खरी पंचाईत होती. मूर्ख माणसाशी भांडणं सोपं असतं.

"सकाळी सहाशे चाळीस. आता दोन हजार. दोन फुगे, दोन आकडे," ते म्हणाले. "मी कोणता धरू? तुम्हाला हवा तो?"

"जो चुकलेला नाही तो."

"गेल्या वर्षी याच दिवशी तुम्ही असंच छातीठोक सांगितलं होतं."

"गेल्या वर्षी माझं चुकलं. वरच्या गरम हवेच्या थराचं झाकण फुटून ढग वर जातील असं मला वाटलं, ते फुटलं नाही. पण इथे डबी चुकतेय, साहेब. एसी बसायच्या आधीचे आकडे काढा. डबीचं आणि लाकडी पेटीचं जमतंय. एसी बसला त्या दिवसापासून रोज फरक. हे बघा, हे, हे, हे."

साहेब बघत राहिले. खोलीत फक्त एसीचा घुर्रघुर्र आवाज. त्यांच्या चेहऱ्यावर तिला एक क्षण दिसलं की त्यांना पटलंय. पण पटणं वेगळं आणि सही करणं वेगळं. एसी त्यांनी मागवला होता. डब्या आत तयार करायला त्यांनी सांगितलं होतं. या तीन आठवड्यांचे सगळे आकडे त्यांच्या सहीने पुढे गेले होते.

"याची रीतसर चौकशी करावी लागेल," ते शेवटी म्हणाले. "उद्या. आज अधिकृत आकडा सहाशे चाळीसच. परवानगीशिवाय सोडलेल्या फुग्याच्या जोरावर मी इशारा पाठवला आणि परत ऊन पडलं, तर हे केंद्र बंद करून इथे काय काढतील माहीत आहे? वाहनतळ."

"आणि वादळ झालं तर?"

"तर आपण इशारा दिला नव्हता एवढंच. तो आपण तसाही देत नाही."

त्यांना हे विनोदी वाटलं नव्हतं. तिलाही नाही.

खिडकीबाहेर तिसऱ्या आणि चौथ्या शिखराच्या मधे पहिला ढग आला होता. लहान, गोंडस, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा.

ती पॅसेजमध्ये गेली आणि तिने दादाला फोन लावला. मागून लाउडस्पीकर आणि टाळ्या ऐकू येत होत्या.

"बोला ढगूबाई! काय म्हणतंय आभाळ?"

"दादा, लोकांना खिंडीतून मागे फिरव. कड्यावर जाऊ देऊ नकोस."

टाळ्या थांबल्या नाहीत, पण दादा थांबला. "इशारा आहे?"

"नाही."

"लेखी काही?"

"नाही. साहेब देत नाहीत. पण सकाळचा आकडा चुकलाय, डबी गार होती, म्हणजे एसीमुळे..."

"डबी गार होती."

"दादा, ऐक ना."

"नाही, तूच ऐक. तीनशे माणसं आलीत. काही रात्रभर गाडी चालवून आलीत. गेल्या वर्षी तू सांगितलंस, मी ऐकलं. अजून लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, काय मास्तर, यंदा धावायचं की गाद्या वाळवायच्या? वरती बघ. निळं आहे!"

"तिसऱ्या शिखरावर बघ."

"एक ढग आहे."

"दीड तासाने बघ."

"दीड तासाने माझे पहिले गडी परतीच्या वाटेवर असतील. कमिटीने ठरवलंय, केंद्राचा इशारा आला तरच थांबवायचं. तो आण, मी थांबवतो. गर्जेल तो पडेल काय म्हणतात, तू तर गर्जतेसही चोरून, पॅसेजमधून."

आणि फोन ठेवला. तिने भिंतीवर हात आपटला. भिंतीला काही झालं नाही. कमिटी केंद्राकडे बोट दाखवते, केंद्र फुग्याकडे, फुगा काकांकडे, काका एसीकडे. आणि एसी कुणाच्या बापाला जुमानत नाही. तिला रडू यायला लागलं होतं आणि रडायलाही वेळ नव्हता.

मग तिला वहिनी आठवली.

दादाची बायको रुग्णालयात परिचारिका होती आणि शर्यतीच्या दिवशी खिंडीत प्रथमोपचाराचा तंबू टाकून बसायची. नणंद-भावजयीचं फार मेतकूट होतं असं नाही. ढगूबाई ओला टॉवेल पलंगावर टाकायची यावरून एकेकाळी दोघींत चार दिवस अबोला झाला होता. तरी तिने फोन लावला आणि सगळं सांगितलं: डबी, घाम, दोन हजार एकशे दहा.

वहिनी म्हणाली, "म्हणजे थर्मामीटर बर्फात बुडवून मग पेशंटच्या तोंडात घातला."

"हो! अगदी तेच!"

"आणि पेशंटला ताप नाही म्हणून घरी पाठवला." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "माझ्याकडे एकच अधिकार आहे. कुणाची प्रकृती बिघडेल असं वाटलं तर मी माणसाला पुढे जाऊ देत नाही. उन्हासाठी आहे तो."

"वहिनी, पण ऊन तर..."

"ऊन फार आहे," वहिनी ठामपणे म्हणाली. "मला तर भोवळच येतेय. तिघे पुढे गेलेत गं, पहिले आलेले. ते हरणासारखे पळतात, साडेबारापर्यंत परत येतील. बाकीच्यांना मी फीत बांधून इथूनच वळवते. तुझ्या दादाला काय सांगू?"

"मी सांगितलं असं सांग."

"तेवढी वेडी नाही मी. मी सांगितलं असं सांगते. रात्री जेवायला त्यालाच घरी यायचंय."

दादाचा फोन वीस मिनिटांत आला.

"नणंद-भावजय जन्मात कधी एकत्र येत नाहीत म्हणतात! आणि आल्या त्या माझ्याच शर्यतीवर! माणसं खिंडीत येऊन ओरडतायत. एकाने छातीवरचा नंबर काढून परत माझ्या हातात दिला. परत! आणि ती सांगतेय उष्माघात! खिंडीत गार वारा सुटलाय, लोकांनी जाकिटं घातलीत!"

"दादा, गार वारा कुठून येतोय?"

"मला काय माहीत कुठून येतोय!" आणि फोन परत ठेवला.

त्यानंतरचे दोन-अडीच तास तिने खिडकीपाशी काढले. ढग चढायचे आणि ढासळायचे. एक चांगला उंच गेला, माथा पसरायला लागला आणि मग कडेकडेने विरघळून दिसेनासा झाला. झाकण. तेच गेल्या वर्षीचं झाकण. साहेब मागून आले, त्यांनीही बघितलं आणि जागेवर परत गेले. वहिनीचा निरोप आला: तिघे खाली पोहोचले. पाठोपाठ दुसरा: कडक ऊन आहे, लोक मला नावं ठेवतायत, मी पण तुला ठेवतेय.

एकच्या पुढे पाचव्या शिखरामागून एक ढग असा वर गेला की तो ढासळायची ती वाटच बघत राहिली. तो ढासळला नाही. त्याच्या माथ्याला ऐरणीसारखी टोकं फुटली, पोट काळं झालं, आणि विजांच्या नकाशावर ठिपके पडायला लागले. आधी तीन. मग मोजायचे सोडून द्यावे लागले इतके. सगळे रांगेवर. पण तो नकाशा चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे चुकायचा. विजा कड्यावर पडतायत की पलीकडच्या दरीत, ते त्यावरून कळत नव्हतं. रडारसमोर जाडं शिखर उभंच होतं.

पावणेतीनला सगळं संपलं. खाली शहरात रस्ते कोरडे ठाक. पायथ्याशी बक्षीस समारंभात लोकांनी टोप्या घातल्या होत्या, उन्हासाठी.

संध्याकाळी साहेबांनी दिवसाचा निकाल तयार केला. इशारा: नाही. मैदानातल्या चारही पर्जन्यमापकांत पाऊस: नाही. म्हणून अंदाज: बरोबर. तीन आठवड्यांत सलग एकविसावा बरोबर. त्यांनी तो तिच्यासमोर ठेवला, कारण सहीखाली सही तिची लागायची.

"साहेब, डोंगरावर..."

"डोंगरावर आपलं काही नाही, मॅडम."

तिने सही केली नाही. साहेबांनी कागद सावकाश परत घेतला. "एसीचं मी उद्या बघतो," ते म्हणाले, आणि निघताना त्यांनी काकांच्या खोलीचा एसी स्वतः बंद केला. त्यावर तिने काय वाटून घ्यायचं, हे तिला कळलं नाही.

रात्री घरी सगळे जेवायला बसले. दादाने भात कालवता कालवता विषय काढला.

"पलीकडे पडलं ते. दरीत. मला कमिटीतल्या एकाने सांगितलं."

"तो होता का तिथे?"

"तू होतीस?"

"मीठ द्या," वहिनी म्हणाली.

"मी विचारतोय, होतीस का? नव्हतीस. म्हणजे दोन वर्षं, दोन शर्यती, दोन्ही वेळा तू, आणि दोन्ही वेळा खाली एक थेंब नाही. पुढच्या वर्षी कोण येणार सांग? मी एकटाच धावतो, तुम्ही दोघी फीत धरा."

"कड्यावर माणसं असती तर?"

"तर दरीतल्या विजा लांबून बघून आली असती. तुला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. फरक एवढाच की मी ते कबूल करतो."

हे तिला झोंबलं, कारण खरं होतं. तिच्याकडे एक आकडा होता, आकड्यामागचं कारण होतं आणि पुरावा काहीच नव्हता.

"सकाळी झेंडे काढायला जाणार आहेस ना वर?" तिने विचारलं.

"जाणारच. मीच लावलेत, मीच काढणार."

"मी येते."

"ये. पिशव्या उचलायला कुणीतरी हवंच."

सकाळी ते खिंडीपर्यंत गाडीने गेले आणि तिथून चालत निघाले. दादा पुढे, ती मागे. हवा धुतल्यासारखी स्वच्छ. खिंडीतले पहिले झेंडे धड होते. दादाने ते उपटले आणि तिच्या पिशवीत टाकले. त्यानंतरचेही धड.

"बघ," तो म्हणाला.

"बघतेय."

कड्याची धार सुरू झाली तशी वाट मऊ लागायला लागली. गवत एका अंगाला झोपलं होतं. पुढच्या झेंड्याचं कापड नव्हतं, नुसती काठी. त्याच्या पुढचीही काठीच. तिसरी काठी मधोमध मोडलेली होती. दादा तिच्यापाशी थांबला, मोडलेल्या टोकावरून त्याने अंगठा फिरवला आणि ती पिशवीत न टाकता हातातच धरून चालायला लागला. आता तो हळू चालत होता.

शर्यतीची वाट एका ठिकाणी दोन खडकांच्या मधून जाते. तिथे एका वेळी एकच माणूस मावतो, म्हणून दरवर्षी रांग लागते. दादा तिथे एक स्वयंसेवक उभा करायचा. खडकांच्या सावलीत वाट दिसत नव्हती. सगळी फट पांढरी होती. गारा एकमेकींना चिकटून त्यांचा एकसंध थर झाला होता. वर गवताचा चुरा आणि झेंड्याच्या कापडाच्या चिंध्या पडल्या होत्या.

दादा खाली बसला. त्याने थरावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिला.

"इथे रांग लागते," तो म्हणाला. मग हात न उचलता, "एक-दीडच्या सुमाराला सगळ्यांत जास्त."

ढगूबाईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. पाठीवरच्या कामाच्या दप्तरातली पोलादी पट्टी काढली, थराच्या मधोमध सरळ उभी धरली आणि टोक खडकाला टेकेपर्यंत दाबली.

"किती?" दादाने विचारलं.

तिने पट्टीवरच्या रेषेशी डोळा आणला. थराची खोली, वादळ संपल्यानंतर अठरा तासांनी, तेवीस सेंटीमीटर.